हौदाकाठचा अबोला

एका गावाबाहेर, माळरान संपून बागायत सुरू होते त्या जागी, हेमकांत नावाचा एक कारखानदार राहत होता. त्याच्या कारखान्यात शेतीचे पंप बनत. माणूस कष्टाळू आणि सरळ होता. त्याची बायको वृषाली शाळेत भूगोल शिकवत असे. दोघांना एकच मुलगी होती, केतकी. ती लहान असताना तिला मोठे दुखणे आले. जीव वाचला, पण पायांतले बळ गेले. तेव्हा वृषालीने नोकरी सोडली आणि मुलीचे सगळे ती स्वतः करू लागली.

केतकी कुबड्या घेऊन चाले. अंगण ओलांडेपर्यंत दमून जाई. डॉक्टर म्हणाले, "हिला रोज पाण्यात चालवा. पाण्यात अंगाचं वजन हलकं होतं. हळूहळू पायांत ताकद येईल."

हेमकांतने घरामागे पोहण्याचा हौद बांधला. फार मोठा नाही, पण नेटका. एका बाजूला रुंद पायऱ्या आणि धरायला कठडा. पहिल्या दिवशी केतकी छातीएवढ्या पाण्यात उभी राहिली. कुबड्या काठावर पडल्या होत्या. तिने एक पाऊल टाकले, मग दुसरे.

"आई, मी चालतेय," ती म्हणाली.

वृषालीला रडू आले. हेमकांत तोंड फिरवून उगाचच चष्मा पुसत राहिला.

हौद बांधणाऱ्यांनी जाण्याआधी दोघांना पाण्याची निगा शिकवली. साठलेले पाणी नुसते निळे दिसून भागत नाही. त्यात क्लोरीनची पावडर घालावी लागते, म्हणजे जंतू मरतात. पण पावडरीने पाण्याचा पीएच, म्हणजे अल्कपणा, वाढतो. तो फार वाढला की पाणी अंगाला झोंबते आणि पावडरीचा गुणही उतरतो. मग थोडे अ‍ॅसिड घालून पीएच पुन्हा जागेवर आणायचा. अ‍ॅसिड जास्त झाले तर डोळे जळतात, फरशीचे सांधे झिजतात. म्हणून रोज तपासणीची पट्टी बुडवायची, तिचा रंग डबीवरच्या रंगांशी ताडून पाहायचा आणि लागेल तेवढेच घालायचे.

"आणि हे कधी विसरू नका," त्यांचा इंजिनिअर म्हणाला. "पावडर आणि अ‍ॅसिड हौदाबाहेर एकत्र येता कामा नये. दोन्ही एका बादलीत पडली की विषारी वायू निघतो. बादल्या वेगळ्या ठेवा. आणि मुलगी पाण्यात असताना काहीही घालू नका."

दोघांनी ते मनापासून पाळले. निळी बादली पावडरीची, तांबडी अ‍ॅसिडची. सकाळी वृषाली पट्टी बुडवून रंग मोठ्याने सांगे आणि हेमकांत मोजून घाली. केतकी काठावर बसून विचारी, "आज पाण्याची तब्येत कशी आहे?"

"ठणठणीत," हेमकांत म्हणे. "पण अजून तासभर तरी भेटायला जायचं नाही."

केतकीचे पाय खरोखरच सुधारत होते. आधी ती कठड्याला धरून चाले. मग कठडा सोडून या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत जाऊ लागली. जमिनीवरही कधीकधी एकच कुबडी पुरे होई.

एका सकाळी ती डोळे चोळत पाण्याबाहेर आली. डोळे लालभडक झाले होते.

वृषाली नवऱ्याला म्हणाली, "तुम्ही अ‍ॅसिड मोजलंच नसणार. कारखान्यात जायची घाई असते तुम्हाला."

"मी नीट मोजलं. तूच रंग चुकीचा सांगितलास."

"मी मुलांना नकाशे वाचायला शिकवलंय. मला रंग कळत नाहीत?"

"नकाशातल्या पाण्याने कुणाचे डोळे जळत नाहीत," हेमकांत म्हणाला.

एवढ्यावर थांबले असते तर संध्याकाळपर्यंत सगळे निवळले असते. पण बोलण्यातून बोलणे निघत गेले. केतकीच्या त्या दुखण्यात डॉक्टरांना बोलवायला उशीर झाला होता. तो कुणामुळे झाला, हा प्रश्न दोघांनीही इतकी वर्षे मनात दाबून ठेवला होता. त्या दिवशी तो वर आला. आधी तिने विचारला, मग त्याने. आणि त्यानंतर दोघेही गप्प झाले ते झालेच.

घरात अबोला सुरू झाला. पानावर वाढणे चालू होते, कपड्यांना इस्त्री होत होती, फळे आणि औषधे वेळेवर येत होती. फक्त बोलणे नव्हते. जे सांगायचे असेल ते केतकीमार्फत सांगितले जाई.

"केतकी, बाबांना सांग, गॅस संपलाय."

"केतकी, आईला सांग, मला आज उशीर होईल."

दोघे एकाच खोलीत असत. एकाचे बोलणे दुसऱ्याला स्पष्ट ऐकू येई. तरी केतकी मान वळवून तेच शब्द पुन्हा उच्चारी. पहिल्यांदा तिला यात गंमत वाटली. मग ती निरोपांतले कडू शब्द गाळू लागली. "बाबांना सांग, बायकोला विचारल्याने कमीपणा येत नाही," असे आई म्हणाली, तर ती बाबांना म्हणे, "आई विचारतेय, भाजी कोणती आणू?" पण बाबांनी मूळचे शब्द ऐकलेले असत. त्यांचा चेहरा तसाच राही.

पाण्याची मात्र भलतीच अवस्था झाली. दोघांचाही एकमेकांच्या मोजमापावर विश्वास राहिला नव्हता. वृषाली आपली वेगळी पट्टी बुडवी आणि तिला वाटेल तेवढी पावडर घाली. हेमकांत कारखान्यातून आला की आपली पट्टी बुडवी. पीएच चढलेला दिसला की त्याला वाटे, हिने पुन्हा जास्त पावडर घातली. मग तो अ‍ॅसिड घाली. दुसऱ्या दिवशी अ‍ॅसिडामुळे पीएच उतरलेला पाहून वृषाली पुन्हा पावडर वाढवी. पाणी आज एका टोकाला, तर उद्या दुसऱ्या. केतकीची कातडी कोरडी पडली. तिचे केस काथ्यासारखे झाले. डोळे तर कायम लाल. त्या लाल डोळ्यांकडे पाहून आईला बाबांचा राग येई आणि बाबांना आईचा. आपलाही यात हात असेल, असे दोघांपैकी एकालाही वाटत नव्हते.

अशातच तांबडी बादली तडकली.

"केतकी, आईला सांग, अ‍ॅसिडची बादली फुटलीय. नवी आणायला हवी."

केतकीने सांगितले.

"बाबांना सांग, बाजार त्यांनाही माहीत आहे."

केतकीने तेही सांगितले. नवी बादली आली नाही. वृषालीचे काम आटोपले आणि निळी बादली रिकामी दिसली, की हेमकांत तीच धुऊन वापरू लागला. वृषालीला हे ठाऊक होते. तिने काही म्हटले नाही.

एक दिवस जेवताना केतकीने चमचा खाली ठेवला.

"मी आता निरोप सांगणार नाही," ती म्हणाली. "तुम्हाला काही सांगायचं असेल तर तुम्ही एकमेकांना सांगा. मला पोटात दुखतं."

दोघेही चपापले. वृषाली तिच्या केसांवरून हात फिरवू लागली. हेमकांतने तिच्या पानात आंब्याची फोड वाढली. दोघांनाही वाटले, पोरीचे खरे आहे. आणि दोघांनाही वाटले, सुरुवात समोरच्याने करावी.

त्यानंतरचा रविवार होता. केतकी हौदात उतरली होती. पाणी तपासल्यावर वृषालीला पावडर कमी वाटली. मुलीचा व्यायाम संपला की लगेच घालता यावी म्हणून तिने निळ्या बादलीत थोड्याशाच पाण्यात भरपूर पावडर कालवली आणि बादली पायऱ्यांजवळ, सावलीत ठेवली. मग ती मागच्या ओसरीत कपडे वाळत घालायला गेली. ओसरी हौदापासून हाकेच्या अंतरावर होती.

बादली तशीच राहिली. पावडरीतला चुन्याचा गाळ खाली बसला. वरचे पाणी नितळ झाले. क्लोरीनचा वास होता, पण तो तिथे नेहमीच असे.

थोड्या वेळाने हेमकांत आला. त्यानेही पट्टी बुडवली. पीएच वाढलेला होता. केतकी बाहेर आली की घालू, तोवर कालवून ठेवू, असे त्याने ठरवले. अ‍ॅसिड नेहमी पाण्यात ओतायचे, हे त्याला माहीत होते. त्याने अ‍ॅसिडचा कॅन आणला. निळ्या बादलीत पाणी दिसले. तो वाकला आणि थबकला. हे नुसते पाणी आहे की हिने काही कालवून ठेवले आहे?

ओसरीत वृषाली पाठमोरी उभी होती. तिच्या हातात ओली चादर होती. त्याने एक हाक मारली असती तरी पुरले असते.

तो मुलीकडे वळला. "केतकी, आईला विचार, बादलीत काय आहे?"

केतकी हौदाच्या मधोमध होती. ती थांबली. ओठ घट्ट मिटून तिने मान हलवली.

"मी नाही विचारणार, बाबा. मी सांगितलं होतं ना. आई तिथेच आहे. तुम्ही विचारा."

वृषालीने हे सगळे ऐकले. चादर झटकताना तिचा हात क्षणभर थांबला. पावडर आहे, असे सांगायला तिचे तोंड उघडलेसुद्धा. पण तिला वाटले, विचारू दे की एकदा स्वतः. इतक्या दिवसांत एकदा तरी माझे नाव घेऊ दे. विचारल्याशिवाय काही ते ओतणार नाहीत. तिने चादर दोरीवर टाकली आणि तिच्या कडा सारख्या करू लागली.

हेमकांत ओसरीकडे पाहत उभा राहिला. तिने ऐकले आहे, हे त्याला कळले होते. ती काही बोलेना. त्याला वाटले, काही असते तर ती बोलली असती.

त्याने कॅनचे झाकण उघडले आणि ओतले.

बादली खदखदली. हिरवट पिवळा धूर वर आला आणि लगेच खाली वळला. तो हवेपेक्षा जड असतो. काठावरून ओघळून तो पाण्यावर पसरला. हेमकांतचा श्वास एकदम कोंडला. घशात कुणी निखारा कोंबावा तसे झाले. आंधळ्यासारखे चाचपडत त्याने बादली पायाने दूर ढकलली. ती लवंडली आणि उरलेले सगळे पायऱ्यांवर सांडले.

केतकी बाहेर यायला पायऱ्यांकडेच निघाली होती. तिला तेवढीच वाट माहीत होती.

"इकडे नको! मागे जा!" असे हेमकांतला ओरडायचे होते. तोंडातून नुसता खोकला येत होता.

वृषाली धावत आली. तोंडाला पदर लावून तिने कपड्यांसकट पाण्यात उडी टाकली. केतकी पायऱ्यांवर पोचली होती. ती कठडा धरून खोकत होती आणि प्रत्येक खोकल्यानंतर तोच धूर आत ओढत होती. वृषालीने तिला कमरेला धरून दुसऱ्या टोकाला ओढत नेले. शेजारच्या मळ्यातली माणसे आरडाओरडा ऐकून आली. त्यांनी दोघींना वर काढले. हेमकांत काठावर गुडघे टेकून पडला होता. त्यालाही उचलले आणि तिघांना एकाच गाडीत घालून दवाखान्यात नेले.

केतकीला लगेच ऑक्सिजन लावला. तिच्या छातीतून शिट्टीसारखा आवाज येत होता. डॉक्टर बाहेर आले. हेमकांतच्या तोंडाला मास्क होता. वृषाली ओल्या साडीत भिंतीला टेकून उभी होती.

"बादलीत काय काय होतं?" डॉक्टरांनी विचारले.

"अ‍ॅसिड," हेमकांत म्हणाला.

"क्लोरीनची पावडर," वृषाली म्हणाली.

डॉक्टरांनी एकदा याच्याकडे, एकदा तिच्याकडे पाहिले. "दोघं घरातच होतात ना?" एवढेच विचारून ते आत गेले.

दोघे बाकावर शेजारी बसले. मग वृषालीने तोंड उघडले. खूप दिवसांनी ती नवऱ्याशी बोलत होती.

"तुम्ही केतकीला विचारलंत ते मी ऐकलं होतं."

हेमकांतने मास्क खाली ओढला. "मला माहीत होतं तू ऐकलंस."

"मला वाटलं, तुम्ही विचाराल."

"मला वाटलं, तू सांगशील."

वृषालीने त्याचा हात धरला. त्यानेही तो सोडवून घेतला नाही. पण त्या स्पर्शाने दोघांपैकी कुणालाच बरे वाटले नाही.

केतकी वाचली. घरी सोडताना डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले, "फुप्फुसं भाजल्यासारखी झालीत. थोडी भरून येतील, पण पूर्ववत होणार नाहीत. हिला दम लागेल असं काही करू देऊ नका."

पाण्यात चालले की दम लागे. म्हणून पाण्यात चालणे बंद झाले. चालणे बंद झाले तसे पायांत आलेले बळ पुन्हा ओसरू लागले. एक कुबडी पुरत होती, तिथे दोन लागू लागल्या. मग दोन कुबड्यांनीही दम लागू लागला आणि चाकांची खुर्ची आणावी लागली. हेमकांतने पोरीसाठी अडसर नको म्हणून घरातले सगळे उंबरठे काढून टाकले.

आता त्या घरात अबोला राहिला नव्हता. दोघे एकमेकांना सगळे विचारत. औषध दिले का, वाफ कितीदा घेतली, खिडकी उघडी ठेवू का बंद. क्षुल्लक गोष्टसुद्धा सांगितल्याशिवाय राहत नसत. कुणी पाहुणा आला तर त्याला वाटे, काय गोडीने राहतात ही माणसे!

पण केतकी गप्प गप्प असे. वृषाली खोदून खोदून विचारी, तर ती मान फिरवून घेई. एका दुपारी हेमकांत तिला मोसंब्याचा रस पाजत होता. वृषाली तिच्या पायांना तेल चोळत होती. केतकी अडखळत, मध्ये मध्ये श्वास घेत म्हणाली, "माझ्यामुळेच झालं ना सगळं?"

"काय बोलतेस हे?" वृषालीचा हात थांबला.

"मी आईला विचारलं असतं तर बाबांनी ओतलं नसतं. मी हट्ट केला."

हेमकांतने पेला बाजूला ठेवला. तो तिच्या खुर्चीपुढे जमिनीवर बसला. "नाही, बाळा. विचारायचं काम माझं होतं. मी विचारलं नाही. चूक माझी."

"आणि मला ऐकू आलं होतं," वृषाली म्हणाली. "सांगायचं काम माझं होतं. मी गप्प बसले. तुझं काही चुकलं नाही."

केतकीने दोघांकडे पाहिले. तिच्या डोळ्यांची लाली केव्हाच गेली होती. डोळे आता स्वच्छ होते.

"ते तुमचं काम होतं," ती म्हणाली, "तर मग मला का सांगत होता?"

हेमकांतने वृषालीकडे पाहिले. वृषालीने हेमकांतकडे पाहिले. त्या दिवशी दोघांनाही बोलायचे होते.

केतकीने थोडा वेळ वाट पाहिली. मग दम लागला म्हणून तिने डोके मागे टेकले आणि डोळे मिटून घेतले.

तात्पर्य: एकाच जिवाची काळजी वाहणाऱ्या दोघांनी एकमेकांवर रागवावे, पण एकमेकांशी बोलणे तोडू नये; आपल्या मानापायी एकाने न विचारलेले आणि दुसऱ्याने न सांगितलेले शेवटी त्या जिवालाच भोगावे लागते.